नव्या गोळीचा गुण

"जेवताना गुणगुणू नका," मावशी म्हणाल्या.

स्टोअरकीपरांचा घास हातातच राहिला. लग्न झाल्यापासून ते जेवताना गुणगुणत आले होते आणि लग्न झाल्यापासून मावशी ते निमूटपणे ऐकत आल्या होत्या. सूर एकच, शब्द नाहीत, आणि घास गिळताना मध्येच तुटायचा. सुनेने नवऱ्याकडे पाहिलं, त्याने वडिलांकडे पाहिलं आणि वडिलांनी मावशींकडे. मावशी मात्र खाली मान घालून जेवत होत्या. बोलणारी दुसरीच कुणी असावी, असा त्यांचा चेहरा होता.

"डॉक्टरांनी थायरॉइडचा डोस वाढवलाय ना," सून हळूच म्हणाली. "त्याने होते चिडचिड. मी वाचलंय."

कारण सापडल्यावर सगळ्यांना हायसं वाटलं आणि जेवण पुढे सुरू झालं.

मावशी तशा कुणाच्या सख्ख्या मावशी नव्हत्या. घराच्या पुढच्या खोलीत, खिडकीशी मशीन मांडून त्या लोकांचे कपडे दुरुस्त करायच्या. कुणाची विजार आखूड, कुणाचा कोट सैल, कुणाची चेन बदल. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक त्यांना मावशी म्हणे. त्यांचे यजमान एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. निवृत्त झाले तरी त्यांच्यातला स्टोअरकीपर काही निवृत्त झाला नव्हता. जुना साबण पारदर्शक होईपर्यंत नवी वडी कपाटातून बाहेर येत नसे. कालचा पाव संपल्याशिवाय आजचा कापायचा नाही, या त्यांच्या शिस्तीमुळे त्या घरात ताजा पाव कुणी कधी खाल्लाच नव्हता.

गेलं वर्षभर मावशी मंदावत चालल्या होत्या. थायरॉइडची गोळी चालू होती, पण ती पुरी पडत नव्हती. भर उन्हाळ्यात अंगात स्वेटर, पायात मोजे, आणि शिवता शिवता डोळा लागायचा. एकदा तर अशा पेंगेत त्यांनी एका वकिलांच्या कोटाची बाही मनगटाशी शिवून बंदच करून टाकली. वकीलसाहेब बिचारे आरशासमोर उभे राहून बराच वेळ बाहीत स्वतःचा हात शोधत होते. काहीही विचारलं की मावशींचं उत्तर एकच, "बरं." घरातल्यांना वाटे, वयाने शांतपणा आलाय. त्या शांतपणाची सगळ्यांना फार छान सवय झाली होती.

त्याच वर्षात मुलाने एकदा विचारलं होतं, "आई, पुढची खोली मला ऑफिसला देशील? आता मला घरूनच काम करायचंय. तुझं मशीन मागच्या बोळात मस्त बसेल."

"बरं," मावशी म्हणाल्या होत्या.

मागचा बोळ म्हणजे स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांच्यामधली चिंचोळी जागा. तिथे खिडकी नव्हती, भर दुपारीही दिवा लावावा लागे. काळ्या कापडावरची काळी शिवण उसवायची तर दिवसाचा उजेड लागतो, नाहीतर पात्याने कापडच फाटतं. मावशींचं उरलेलं आयुष्य त्या बोळात जाणार होतं आणि त्याला त्यांनी स्वतःच्या तोंडाने बरं म्हटलं होतं. त्यानंतर रोज सकाळी खिडकीतून मशीनवर ऊन आलं की त्या चाकावरून हात फिरवत बसायच्या. पण बोलायला लागणारी ताकद कुठून आणायची, ते त्यांना सुचत नव्हतं.

मग रक्ताचा रिपोर्ट आला आणि डॉक्टरीणबाईंनी डोस वाढवला. गोळी देण्याचं खातं अर्थातच स्टोअरकीपरांकडे होतं. रोज सकाळी चहाच्या आधी ते एक गोळी मावशींच्या अंगुस्तानात, म्हणजे शिवताना बोटात घालायच्या टोपणात ठेवून पाण्याच्या भांड्यासकट हजर करत. मावशी ती गिळेपर्यंत ते समोर उभे राहत.

गुणगुणण्याचा विषय निघाला तो याच दिवसांत. पण तेवढ्यावर भागलं नाही. पुढच्याच आठवड्यात वकीलसाहेब तोच कोट घेऊन आले.

"मावशी, पोटाशी अजून थोडा सैल होईल ना?"

"नाही होणार. आत कापडच उरलेलं नाही. मागच्या वेळीसुद्धा उरलं नव्हतं, पण मी बोलले नाही."

"मग आता?"

"मला कोट वाढवता येत नाही. तुम्हाला काय कमी करता येतं ते बघा."

वकीलसाहेब कोट काखेत मारून बाहेर पडले आणि फाटकाशी मुलगा भेटल्यावर त्यांनी तक्रार केली. "डोसमुळे होतंय," मुलगा म्हणाला. "मनावर घेऊ नका."

मग नणंदबाई आल्या. त्या यायच्या त्या घरभरच्या फाटक्या कपड्यांचं गाठोडं घेऊनच. "तुला काय वहिनी, बसल्या जागी तर करायचं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आजवर मावशींनी त्यावर "बरं" म्हणून गाठोडं ठेवून घेतलं होतं. या वेळी त्या मशीनवरून उठल्या.

"वन्सं, या. बसा."

"मी कशाला?"

"बसल्या जागी होतं म्हणालात ना. ही घ्या सुई. दोरा ओवून दाखवा, मग पुढचं सांगते."

नणंदबाईंनी दोरा ओवला नाही. गाठोडं उचललं आणि घरी पोचताच भावाला फोन केला. "दादा, तिचं औषध तपासून घे रे बाबा. आपली वहिनी अशी नव्हती."

या सगळ्याचं सर्वांत जास्त आश्चर्य खुद्द मावशींनाच वाटत होतं. शब्द तोंडातून बाहेर पडले की त्या दचकायच्या. मग त्यांना आतून बरं वाटायचं. आपण कुठे बोलतो, गोळी बोलते, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती आणि त्यामुळे बोलणं फारच सोपं झालं होतं. एवढंच की पाय अजून गार पडत होते, स्वेटर सुटला नव्हता, आणि दुपारी मशीनवर डोळा लागायचा तो लागतच होता.

"गोळी आधी जिभेला लागलेली दिसते," त्या सुनेला म्हणाल्या. "पायांपर्यंत पोचायला वेळ लागत असेल."

"असेल, आई," सून म्हणाली आणि स्वयंपाकघरात निघून गेली. हल्ली मावशींशी बोलणं ती थोडक्यात आटपायची.

अशातच सुतार आला. मुलाच्या ऑफिसच्या टेबलाचं माप घ्यायचं होतं. त्याने खिडकीखाली टेप धरली, एवढ्यात मावशी म्हणाल्या, "सुतारदादा, माप घ्या, पण टेबलाचं नको. इथे मला दोऱ्यांच्या रिळांसाठी फळी हवीये."

"आई!" मुलगा ओरडलाच. "तू बरं म्हणाली होतीस!"

"म्हणाले होते. आता नाही म्हणते. ही खिडकी मी सोडणार नाही."

"हे तू बोलत नाहीयेस, आई. तो डोस बोलतोय."

सुतार गुडघ्यावर तसाच बसून होता. "मग मी माप कुणाचं घेऊ?" त्याने विचारलं. मग मायलेकांकडे आळीपाळीने बघून त्याने टेप गुंडाळली आणि घरातलं काय ते ठरवून कळवा म्हणून तो निघून गेला.

संध्याकाळी स्वयंपाकघरात बैठक बसली. मावशी पुढच्या खोलीत होत्या, पण मशीन थांबलेलं असल्यामुळे त्यांना सगळं ऐकू येत होतं.

"आता तपासणी आलीच आहे," मुलगा म्हणत होता. "डॉक्टर डोस कमी करतील. मग होईल ती पहिल्यासारखी. तोवर सुताराला थांबवू."

"पहिल्यासारखी झाली म्हणजे बरं," स्टोअरकीपर म्हणाले.

मावशींनी मशीनवर हात ठेवला. त्या घाबरल्या होत्या. हे धाडस आपलं नाही, बाटलीतून उसनं आणलेलं आहे, आणि डॉक्टरीणबाईंनी आकडा खाली आणला की ते परत जाणार. मग आपण पुन्हा स्वेटर ओढून घेऊ, पुन्हा बरं म्हणू, आणि त्या बोळात जाऊन बसू. त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते येऊ दिलं. मग डोळे पुसून त्यांनी ठरवलं की दवाखान्यात आधी आपणच बोलायचं.

दवाखान्यात सगळं घर गेलं. मुलाने बोलायला तोंड उघडलं, पण मावशींनी त्याला हाताने थांबवलं.

"डॉक्टर, हे लोक म्हणतील मी चिडते, तोडून बोलते. ते खरं आहे. पण हात जोडते, माझा डोस कमी करू नका."

डॉक्टरीणबाई रिपोर्टात डोकं घालून बसल्या होत्या. "कमी? अहो, रिपोर्टमध्ये तर काही फरकच नाही. उलट थोडं बिघडलंय. गोळी रोज घेता ना?"

"रोज. उपाशीपोटी. हे स्वतः देतात."

स्टोअरकीपर ताठ बसले. "एक दिवस चुकवलेला नाही."

"बाटली आणलीये का बघू."

त्यांनी पिशवीतून एकीऐवजी दोन बाटल्या काढून टेबलावर ओळीने ठेवल्या. एकीत तळाशी चार गोळ्या राहिल्या होत्या. दुसरी गच्च भरलेली होती आणि तिचं सील जसंच्या तसं होतं.

डॉक्टरीणबाईंनी भरलेली बाटली उचलली. "वाढवलेला डोस हा. ही फोडली का नाहीत?"

"जुना माल संपल्याशिवाय नवा काढायचा नसतो," स्टोअरकीपर म्हणाले. वाक्य ठणठणीत सुरू झालं होतं, पण शेवटाकडे येता येता त्यांचा आवाज बसला.

मुलगा उभा होता तो खुर्ची ओढून खाली बसला. "म्हणजे," त्याने विचारलं, "नवा डोस अजून सुरूच झालेला नाही?"

"नाही."

मावशी त्या सीलकडे बघत होत्या. "डॉक्टर," त्या हळूच म्हणाल्या, "मग इतके दिवस ते बोलत होतं कोण?"

"नव्या गोळ्या तर बाटलीतच होत्या, मावशी. तुम्हीच बोलत होतात."

मावशींनी आपले गार हात मांडीवर उलटेसुलटे करून पाहिले. नणंद, वकीलसाहेब, सुतार, सगळे त्यांना आठवले. आणि वर्षभर उगाच म्हटलेले सगळे "बरं"ही आठवले. त्यांचे डोळे भरून आले, पण मान मात्र खाली गेली नाही.

"उद्यापासून नवी सुरू करा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मग हळूहळू थंडी वाजायची कमी होईल, झोप आवरेल, अंगात चांगली ताकद येईल."

"अजून?" मुलगा म्हणाला.

परतताना स्टोअरकीपर दोन्ही बाटल्यांची पिशवी सांभाळत चालत होते. "चुकलंच माझं," ते म्हणाले. "इतके दिवस तुला थंडीत ठेवलं."

"ठेवलंत खरं."

थोडं पुढे गेल्यावर ते पुटपुटले, "पण जुन्या मालात एवढी धार होती होय?" मग सवयीने गुणगुणायला लागले, मावशींकडे पाहिलं आणि थांबले.

"चालताना गुणगुणायला हरकत नाही," मावशी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या बाटलीचं सील फुटल्याचा आवाज घरभर ऐकू गेला. स्टोअरकीपर अंगुस्तानात गोळी आणि पाण्याचं भांडं घेऊन आले. मावशींनी हात पुढे केला, तोच मुलगा दारातून घाईघाईने आत आला. सून त्याच्या मागे उभी होती.

"आई, थांब. ती गोळी घेण्याआधी एक सांगायचंय. खिडकी तुझीच राहू दे. टेबल मी बोळात लावतो. सुताराला फळीचं माप घ्यायला बोलावलंय."

मावशींनी त्याच्याकडे नीट पाहिलं. खिडकीतून नुकतंच ऊन आलं होतं आणि मशीनच्या चाकावर पडलं होतं.

"बरं," त्या म्हणाल्या, आणि पाण्याचा घोट घेऊन गोळी गिळली.