मोघेकाकांनी देश संपवला

मंडळाच्या गणपतीत आरतीच्या आधी मोघेकाकांनी स्पीकरवर एक धून लावली. ब्रिटिश राष्ट्रगीत! पाहुण्या म्हणून आलेल्या कौन्सिलरबाई ताडकन उठल्या. मागोमाग मोदकांच्या प्लेटा सावरत सगळा हॉल उभा राहिला. काका शांतपणे म्हणाले, "थँक्यू. हे लिश्टेनस्टाइनचं राष्ट्रगीत. चाल तीच, शब्द वेगळे. बसा आता."

मोघेकाका इंग्लंडात मिल्टन कीन्स या शहरातले माझे शेजारी. आयुष्यभर हॉस्पिटलात ॲनेस्थेटिस्ट होते. रिटायर झाल्यावरही भूल देणं चालूच आहे, फक्त आता इंजेक्शनऐवजी लिश्टेनस्टाइन वापरतात. स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रियाच्या मधे डोंगरात बसलेला हा देश दोन मिल्टन कीन्सएवढाही नाही. "समुद्र गाठायला दोन-दोन देश ओलांडावे लागतात, आहेस कुठे!" हे मी कचऱ्याचा बिन बाहेर ठेवतानासुद्धा ऐकलंय. राजघराण्याने हा मुलूख विकत घेतला आणि शंभर वर्षं एकही राजा तो बघायला फिरकला नाही, हे सांगताना काका असे चिडतात, की जणू तो राजा त्यांचा चुलतभाऊ.

"ऐंशी सैनिक लढाईला गेले आणि एक्याऐंशी परत आले म्हणतात," काका सांगतात. "वाटेत एक मित्र मिळाला! मग सैन्यच बंद करून टाकलं. याला म्हणतात देश!"

"आमच्या घरात सवत आहे," मोघेकाकू म्हणतात. "एकशे साठ चौरस किलोमीटरची."

गंमत म्हणजे काका तिथे कधी गेले नव्हते. चौऱ्याहत्तराव्या वर्षी गुडघा बदलला आणि शुद्धीवर येताच त्यांनी जाहीर केलं, "बाल्झर्स ते रुगेल. दक्षिण टोक ते उत्तर टोक. एका दिवसात, पायी." सर्जन नको म्हणाले. काकू तर आठवडाभर बोलल्या नाहीत. काका मात्र रोज सकाळी आमच्या गावभर फिरणाऱ्या पायवाटेवरून, रेडवेवरून, काठी टेकत निघायचे. आधी एक राउंडअबाउट, मग दोन, मग मोजणं सोडलं.

शेवटी काकूंनीच मला गाठलं. "तू जा बरोबर. एकटे गेले तर तिथल्याच माणसांना तिथला इतिहास शिकवत बसतील."

पंधरा ऑगस्ट हा लिश्टेनस्टाइनचाही राष्ट्रीय दिवस. सकाळी बाल्झर्सहून निघालो. डावीकडे ऱ्हाईन, उजवीकडे डोंगर. काका प्रत्येक शिखराला नावाने हाक मारत होते. दुपारी फाडुट्स आलं, म्हणजे राजधानी. वर किल्ल्याच्या बागेत राजाने प्रजेला बोलावलं होतं. काकांनी खालूनच नमस्कार केला. "चढ नको. गुडघा उत्तरेसाठी राखून ठेवलाय."

बेंडर्न गावापाशी गुडघा सुजला. काका बाकावर बसले, चेहरा पांढरा. समोर हिरवी बस येऊन थांबली.

"काका, प्लीज. सहा-सात किलोमीटर तर राहिलेत. बसने जाऊ."

"बसने गेलो तर तेवढा देश बसने पाहिला असं होईल."

बस गेली. मी गुडघ्याला पट्टी बांधली, त्यांनी माझ्या खांद्यावर हात टाकला आणि आम्ही निघालो. शेवटच्या टप्प्यात काका एक अक्षर बोलले नाहीत. इतक्या वर्षांत हे पहिल्यांदाच घडत होतं.

रुगेलची पाटी दिसली तेव्हा ऊन कलत होतं. काकांनी पाटीला हात लावला आणि काकूंना फोन केला. "संपवला!"

"देश की गुडघा?" काकू ओरडल्या, आणि मग दोघंही इतके हसले की मलाच रडू फुटलं.

शेजारच्या अंगणात एक म्हातारे गृहस्थ पाइपने झाडांना पाणी घालत होते. त्यांनी इंग्रजीत विचारलं, "कुठून आलात?"

"बाल्झर्सहून," काका म्हणाले.

"पायी?" त्यांनी गुडघ्याकडे पाहिलं, पाइप टाकला आणि आतून खुर्ची व पाणी आणलं. एवढंच.

काकांनी ग्लास दोन्ही हातांत धरला. पण न पिता ते माझ्याकडे वळले.

"अगं, बेचाळीस वर्षं इंग्लंडात हा प्रश्न ऐकतोय. मी मिल्टन कीन्स म्हणतो. मग ते विचारतात, 'नाही, पण ओरिजिनली?' माझ्या गावी, नागपूरला गेलो की तिथलेही विचारतात, 'कुठून आलात?' आज पहिल्यांदा माझं पहिलंच उत्तर पुरलं."

मग त्यांनी एका दमात पाणी संपवलं आणि त्या गृहस्थांकडे बघून ग्लास पुन्हा पुढे केला, घरच्यासारखा.