तांबेकाका आणि शेळीपालन

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही. गेल्या वर्षी एका रविवारी दुपारी, टीव्हीवर मॅच लावून, मी शेळीपालनावरच्या एका जुन्या पुस्तकाची पहिली छत्तीस पानं खोडरबराने स्वच्छ केली. ऐकायला हा काही गुन्हा वाटत नाही. मलाही तेव्हा वाटला नाही. उलट शाबासकी मिळेल अशी आशा होती.

पुस्तक तांबेकाकांचं. नारळावरच्या रोगांबद्दल वाचताना खुदुखुदू हसणारा माणूस अख्ख्या चिंचपोकळीत हा एकच.

आमच्या मंडळाची एक खोली आहे. गणपतीचे दिवस सोडले तर तिथे कोणीही यावं, ड्रिल, करवत, हवं ते हत्यार वापरावं. कोणी मिक्सर दुरुस्त करतं, कोणी मुलीचा शाळेचा प्रोजेक्ट स्वतःच करून मोकळं होतं. मी मुळात कमी बोलणारा. तिथे सतत ड्रिल चालू असल्यामुळे ते कोणाच्या लक्षात येत नसे, म्हणून मी जायचो.

तांबेकाका तिथे पुस्तकांचे फोटो काढायचं मशीन बनवत होते. वय सत्तरीच्या पुढे, सगळी नोकरी लिफ्ट दुरुस्त करण्यात गेलेली. पुस्तक अर्धवट उघडं बसेल असा प्लायवूडचा पाळणा, पानं दाबायला वरून दोन तिरक्या काचा आणि दोन्ही बाजूंना एकेक सेकंडहँड कॅमेरा. काचा त्यांनी घरच्या शोकेसच्या काढून आणल्या होत्या.

"काका, आता शोकेसमधले कप उघडे पडले असतील," मी म्हणालो.

"त्यांना सर्दी होत नाही."

काचा वर-खाली करायला त्यांनी दोरी, कप्पी आणि मागे वजन लावलं होतं, लिफ्टला असतं तसं. "पाटणकर, ही लिफ्टच समज. पान म्हणजे पॅसेंजर. आत घे, दार लाव, फोटो काढ, सोड." मी जरा भराभर पानं उलटली की म्हणायचे, "घाई आहे? मग जिन्याने जा."

मशीन झालं झकास. प्रश्न पुस्तकांचा होता. काकांची जुनी चाळ पाडायची ठरली तेव्हा तिथलं वाचनालय बंद झालं. लोकांनी कादंबऱ्या पळवल्या. काकांनी काय उचललं, तर विहिरी कशा खोदाव्यात, नारळावरचे रोग, शेळीपालन. अशी गोणीभर पुस्तकं. मंडळाचा सेक्रेटरी सावंत म्हणाला, "काका, आता चिंचपोकळीत शेळ्या आणताय काय?"

"कशाला? तू आहेस की."

मी एकदा सरळ विचारलं. म्हणाले, "कादंबऱ्यांना काय होतंय? त्या वाचायला गाव आहे. जे कोणीच वाचत नाही त्याला वाली कोण?" मला ते फार थोर वाटलं. मी पानं उलटायचं काम अंगावर घेतलं.

विहिरी झाल्या, नारळ झाले. दोन्ही पुस्तकांच्या समासात बॉलपेनने आणि पेन्सिलीने काहीबाही लिहिलेलं होतं. काका प्रत्येक पान लॅपटॉपवर मोठं करून बघत बसायचे आणि मधेच हसायचे. मला वाटलं, फोकस तपासतात आणि डोक्याचा एखादा नट ढिला आहे. ऑफिसात कागदावर चहाचा डाग दिसला तरी मला चैन पडत नाही. म्हणून शेळीपालन मी धूळ झटकून आणतो असं सांगून घरी नेलं आणि रबर घेऊन बसलो. पेनाचं निघेना. पेन्सिलीचं छान निघालं. छत्तीस पानं झाली, मॅच संपली, हात दुखायला लागला.

दुसऱ्या दिवशी आम्ही ते पुस्तक मशीनवर चढवलं. दहा-बारा पानांनंतर काका लॅपटॉपवर वाकले. मी काच खाली आणली तरी बटण दाबेनात.

"इथे ती बोललीच नाही रे," ते म्हणाले.

"कोण?"

"सुमन. माझी बायको."

मग त्यांनी सांगितलं. नवीन लग्न, दहा बाय बाराची खोली, माणसं नऊ. आई भिंतीशी, भाऊ दारात, मामा मोरीपाशी. नवराबायकोने बोलायचं कुठे? गॅलरीत उभं राहिलं तर समोरची चाळ टक लावून बघायची. म्हणून दोघं वाचनालयातून कोणीही हात लावणार नाही असं पुस्तक आणायचे आणि समासात बोलायचे. काका पेनाने. ती पेन्सिलीने, कारण पुस्तक लोकांचं आहे, उद्या खोडता आलं पाहिजे.

"सहा वर्षं झाली तिला जाऊन," ते म्हणाले. "आवाज कुठे रेकॉर्ड नाही. हेच आहे."

स्क्रीनवर अकरावं पान होतं. शेळीच्या खुराकाशेजारी निळ्या अक्षरात: 'आज रागावलीस का?' खाली कोरं. पुढे चौदाव्यावर: 'माझं काय चुकलं?' खाली कोरं. आणि सदतिसाव्या पानावर एकदम पेन्सिलीने: 'येताना मटार आणा.'

"छत्तीस पानं रुसली होती बघ," काका म्हणाले. "मटार मागितले म्हणजे राग गेला असणार. पण होता कशाचा?"

मी काच वर केली आणि पान उलटलं.

त्या दिवसापासून ते याच तपासात आहेत. मेहुणीला फोन केला. ती म्हणाली, ताई कधी रुसायचीच नाही, भावजींनी उगाच काहीतरी काढू नये. आईच्या बाजूने आपण काही बोललो का, पगाराच्या दिवशी उशिरा आलो का, पन्नास वर्षांपूर्वीचा एकेक दिवस उकरून बघतात आणि मला विचारतात, "पाटणकर, तुला काय वाटतं?" मी म्हणतो, "काय सांगणार, काका."

सांगता येण्यासारखं आहे. खोडलेलं सगळं आठवत नाही, पण अकराव्या पानावरचं आठवतं. रबर फिरवण्याआधी मी ते वाचलं होतं: 'रागावले नाही. दाढ दुखते आहे.' ते मी खोडलं ही कबुली आणि हे एक वाक्य, एवढं मी तांबेकाकांचं देणं लागतो.