शेवटचा येईपर्यंत पंगत नाही

मंदाबाई तायडे जळगावच्या टेलिफोन कचेरीत ऑपरेटर होत्या. सत्त्याऐंशी सालच्या जानेवारीत, जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून त्या गावोगावच्या शर्यतीवाल्यांना फोन लावत आणि एकच प्रश्न विचारत.

“तुमच्याकडे सगळ्यात शेवटी येणाऱ्याचं काय करता?”

या प्रश्नाला तसंच कारण होतं. वर्षभरापासून मंदाबाई पहाटे नशिराबादच्या रस्त्याला धावायला जात. वय बेचाळीस, अंगात मुलीची सलवार आणि नवऱ्याचा बुशशर्ट, पायात कॅनव्हासचे बूट. त्यांचा वेग असा, की ओळखीचे लोक सायकल थांबवून काळजीने विचारत, “काय ताई, पाय मुरगळला का?” दिवाळीनंतर गावात महिलांची तीन किलोमीटरची शर्यत झाली. मंदाबाई शेवटच्या रेषेपाशी पोचल्या तेव्हा मांडवाचे बांबू निघाले होते आणि सतरंजी गुंडाळणाऱ्या माणसाने त्यांना विचारलं, “कुणाला शोधताय, ताई?”

त्या दिवशी त्यांनी ठरवलं, की आता लांबची शर्यत धावायची. आणि जिथे आपण पोचेपर्यंत मांडव उभा असेल, तिथेच धावायची.

“तीन झेपत नाहीत, म्हणून वीस?” त्यांचे यजमान देवचंद म्हणाले. ते शाळेत चित्रकला शिकवत आणि प्रमाणाबाहेरची कुठलीही गोष्ट त्यांना बघवत नसे.

“झेपत नाहीत कोण म्हणालं? शर्यतवाल्यांना थांबणं झेपत नाही.”

भुसावळच्या शर्यतीवाल्याला तर प्रश्नच कळला नाही. “शेवटी येणारा? तो येतच नाही हो. मधूनच घरी जातो.” धुळ्याचा गृहस्थ अभिमानाने म्हणाला, “काळजीच नको, मागून टेम्पो असतो. जो मागे राहिला तो टेम्पोत.” मंदाबाईंनी धुळं तिथल्या तिथे सोडून दिलं.

मग लागलं एरंडोल. तिथल्या व्यायामशाळेचे हिलाल आबा फोनवर बोलायचे ते थेट जळगावला ऐकू जावं अशा आवाजात. एरंडोलहून पद्मालयाला जायचं आणि परत यायचं, अशी त्यांची शर्यत. शेवटी वरण-बट्टीची पंगत.

“शेवटच्याचं काय करता, आबा?”

“काय करसूत? वाट दखसूत! बठ्ठा येतीन तोवर पंगत बसाव नही. हाऊ मना शब्द शे, ताई.”

सगळे येईपर्यंत पंगत नाही! मंदाबाईंनी फोन ठेवला आणि उरलेला डबा चवीने खाल्ला.

शर्यतीच्या सकाळी पाटलांची, मराठ्यांची, भिल्लांची काटक पोरं सुरुवातीच्या रेषेवर नुसती थुईथुई करत होती. शिट्टी वाजली आणि क्षणात रस्ता रिकामा झाला. रस्त्यावर उरल्या एकट्या मंदाबाई. त्यांच्या मागे काही अंतर ठेवून, कुणाला ओळख पटू नये अशा बेताने, देवचंद लुनावरून येत होते.

मंदाबाईंना पद्मालयाचं देऊळ दिसण्याच्या बऱ्याच आधी पुढची पोरं परत येताना भेटली. प्रत्येक जण “मावशी, बस चुकली का?” असं काहीतरी म्हणत होता. मंदाबाई प्रत्येकाला “शाब्बास” म्हणत होत्या. देवळाला वळसा घालून त्या परत फिरल्या तेव्हा ऊन चढलं होतं आणि एरंडोलात बाकीचे सगळे पोचून, पाय धुऊन, पाटावर बसायला तयार होते.

“बसू नका,” हिलाल आबा म्हणाले. “जळगाववाली बाई आजून येवानी शे.”

“आबा, ती तिन्हीसांजले येईन!”

“मंग तिन्हीसांजले जेवा. शब्द दिधा म्हनजे दिधा.”

मांडवात कुजबुज सुरू झाली. बट्ट्या तळून परातीत रचल्या होत्या, वांग्याच्या भाजीवरची तर्री निवत चालली होती. शेवटी आचाऱ्याने आपल्या हाताखालच्या नथ्थूला सायकलवर पिटाळलं.

“अक्का, जरा पाय उचला ना!” नथ्थू बाईंच्या शेजारी सायकल तोलत काकुळतीला आला. “बट्ट्या थंड्या व्हई ऱ्हायन्यात!”

“मग गरम करा,” मंदाबाई म्हणाल्या आणि होत्या त्याच वेगाने पुढे गेल्या.

नथ्थू हात हलवत परतला, तेव्हा पहिला आलेला झुलाल उठला. त्याला कप घेऊन धुळ्याची यष्टी पकडायची होती. हा पोरगा वाऱ्यासारखा तीन किलोमीटर उलट धावत आला.

“मावशी, मी शेजारे पळस, तुमी मन्हासंगे पळा. असं करत करत येग वाढाडूत.”

पण येग मंदाबाईंचा वाढण्याऐवजी झुलालचाच कमी झाला. एवढ्या सावकाश धावायची त्याच्या पायांना जन्मात सवय नव्हती. थोड्याच अंतरात त्याच्या पोटरीत असा गोळा आला, की तो “आई वं!” करून रस्त्याच्या कडेला बसला.

“इतलं हळू कसं काय पळतस हो तुमी?” त्याने डोळ्यांत पाणी आणून विचारलं.

“सराव लागतो,” मंदाबाई न थांबता म्हणाल्या.

देवचंदांनी त्याला लुनावर घेतलं. शर्यतीचा विजेता एका पायाने लंगडत, चित्रकलेच्या मास्तरांच्या खांद्याला धरून मांडवात उतरला, तेव्हा लोकांची भूक रागात बदलली. आता प्रमुख पाहुणे स्वतः उठले. रतिलालशेठ जिनिंगवाले धुळ्याहून पांढऱ्या अॅम्बेसेडरमधून आले होते, खिशात लांबलचक भाषण होतं आणि सकाळपासून पोटात फक्त चहा होता.

गाडी मंदाबाईंच्या शेजारी आली. काच खाली झाली.

“बसा बाई गाडीत. झाली तुमची शर्यत.”

“झाली असती तर मी इथे असते का, शेठ?”

“अहो, लोक उपाशी आहेत!”

“मीही उपाशीच आहे. वर धावतेय.”

“याला धावणं म्हणतात?” शेठ चिडले. “या वेगाने तर मी चालत पोचेन!”

“चला मग.”

शेठांनी काच वर केली आणि ड्रायव्हरला गाडी बाईंच्या मागोमाग घ्यायला सांगितली, म्हणजे लाजून तरी बसेल. मंदाबाई लाजल्या नाहीत. अॅम्बेसेडर पहिल्या गियरमध्ये गुरगुरत, धक्के खात, भर उन्हात त्यांच्या पाठीमागे सरपटत राहिली. शेवटी बॉनेटखालून वाफ निघाली, गाडी एकदा उसासली आणि रस्त्याच्या मधोमध थांबली.

ड्रायव्हर डबा घेऊन पाण्यासाठी दूरच्या विहिरीकडे गेला. यष्टी यायची नव्हती, बैलगाडी दिसत नव्हती, लुना मांडवात होती. शेठ खाली उतरले. त्यांच्या पायात नवे, चकचकीत पंप शूज होते.

“बाई!” त्यांनी हाक मारली. “जरा थांबा, बरोबर जाऊ!”

“थांबता येत नाही, शेठ,” मंदाबाईंनी मान वळवून सांगितलं. “मी शर्यतीत आहे!”

शेठ चालू लागले. आधी ऐटीत, मग भरभर, मग बुशकोटाची बटणं सोडून. दोघांमधलं अंतर काही कमी होईना. उलट ते वाढतच गेलं.

मंदाबाईंना गाव दिसलं तेव्हा त्यांचे पाय आपले राहिले नव्हते. टाचेला फोड आला होता, तोंडात धूळ होती आणि मन सांगत होतं, की ती शेवटची चढण तरी चालत जा, कुणाला कळणार आहे? “मला कळेल,” त्या मोठ्याने म्हणाल्या आणि धावतच मांडवात शिरल्या. हिलाल आबांनी टाळी वाजवली, मग देवचंदांनी, अगदी जोरात आणि ओळख न लपवता. झुलालसुद्धा एका पायावर उभा राहून टाळ्या वाजवू लागला.

देवचंद पाण्याचा तांब्या घेऊन पुढे आले. “मंदा,” एवढंच ते म्हणाले. मंदाबाईंना ते पुरलं.

तोवर लोक पत्रावळींकडे धावले होते. आचाऱ्याने वरणात डाव घातला.

“थांबा!” हिलाल आबा गरजले. “आजून एक जण येवाना शे.”

सगळ्यांनी रस्त्याकडे पाहिलं. दूर, उन्हात, एक पांढरा ठिपका डुलत येत होता. एका हातात बूट होते.

“आबा, शेठ कुठं शर्यतीमा व्हतात?” नथ्थू रडवेला झाला.

आबा पेचात पडले. त्यांनी मंदाबाईंकडे पाहिलं. “ताई, तुमीच सांगा. शेठ पळी ऱ्हायनात का चाली ऱ्हायनात?”

सगळा मांडव मंदाबाईंच्या तोंडाकडे बघू लागला. पोटात त्यांच्याही कावळे कोकलत होते. एक शब्द बोलल्या असत्या, तर पंगत बसली असती.

“धावताहेत,” मंदाबाई म्हणाल्या. “त्यांच्या परीने.”

आचाऱ्याने डाव बाहेर काढला. बऱ्याच वेळाने रतिलालशेठ मांडवात आले. मंदाबाईंनी सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या आणि त्या थट्टेच्या नव्हत्या. कार्यकर्त्यांनी शेठांना दोन्ही बाजूंनी धरून मंचावर चढवलं, घामाने भिजलेलं भाषण हातात दिलं आणि माइक तोंडाशी आणला. शेठांनी श्वास घेतला. पुन्हा घेतला. ओठ हलवून पाहिले. छातीत उरलेल्या सगळ्या हवेत त्यांचा एकच शब्द बसला.

“बसा.”

एवढं सुंदर भाषण एरंडोलात कुणी ऐकलं नव्हतं. बठ्ठा मांडव टाळ्यांच्या कडकडाटात पंगतीला बसला.