देवयानीतला विनातिकीट प्रवासी

"खगोल मंडळाच्या यंदाच्या प्रदर्शनात पहिला नंबर माझाच! नाही आला तर बाल्कनी तुझी!"

एवढं बोलून एक्सरेनं कप असा आपटला की बशीचा टवका उडाला. हॉस्पिटलात एक्सरे काढायचा म्हणून सगळी इमारत त्याला एक्सरेच म्हणायची. आठवडाभर लोकांची हाडं बघून तो विटायचा आणि सुट्टी मिळाली की आकाशाचे फोटो काढायचा. सूर्यग्रहण म्हणू नका, तेजोमेघ म्हणू नका, त्यानं काही सोडलं नव्हतं. त्यापायी बाल्कनीत दुर्बीण, तिपाया आणि वायरींचा असा बाजार मांडला होता की टॉवेल वाळत घालायलाही जागा नव्हती.

बायको घरी केक करून विकायची. ऑर्डरी वाढल्या होत्या आणि तिला बाल्कनीत दुसरा, मोठा फ्रिज ठेवायचा होता.

"शब्द फिरवायचा नाही हं," ती म्हणाली.

"फिरवला तर नाव बदलीन!"

"बदलून काय ठेवाल जावईबापू? सीटी स्कॅन?" कोपऱ्यातून सासरे म्हणाले.

सासरे लेकीकडेच राहायचे. आयुष्यभर रेल्वेत तिकिटं तपासलेला माणूस! घरी आलेल्या पाहुण्याकडेही ते विनातिकीट असल्यासारखे बघत. त्यांना मधुमेह होता आणि लेकीनं गोड कडक बंद केलं होतं.

एक्सरे उगाच फुशारकी मारत नव्हता. दोनच दिवसांपूर्वी टेकडीवर कुडकुडत त्यानं देवयानी दीर्घिकेचे झकास फोटो घेतले होते. आता एकच काम उरलं होतं, आणि त्यासाठी रविवारी सकाळी त्यानं कॅमेरा फ्रिजमध्ये ठेवला.

"अहो, हे काय?" बायको किंचाळली.

"अंधाराचे फोटो काढतोय."

"फ्रिजमध्ये?"

"पोरी, चौकशी करून लग्न कर म्हणालो होतो मी," सासरे म्हणाले.

एक्सरेनं समजावलं. कॅमेरा थंडीत, काळोखात स्वतःचेच काही डाग फोटोवर उठवतो. म्हणून भिंगाला झाकण लावून, तेवढ्याच थंडीत नुसत्या अंधाराचे फोटो काढायचे. त्यांत फक्त डाग येतात. मग ते आकाशाच्या फोटोतून वजा करायचे, की दीर्घिका लख्ख! टेकडीवरची थंडी घरात फ्रिजशिवाय कुठे मिळणार?

"आणि माझा ऑर्डरचा केक? तीन मजली आहे तो!"

"मागे सरकवलाय. कॅमेरा आपोआप फोटो काढत राहील. फक्त दार कुणी उघडायचं नाही!"

आणि स्टूल घेऊन तो फ्रिजसमोर ठाण मांडून बसला. बायकोनं दूध मागितलं. "आज सगळे कोरा चहा प्या!" सासऱ्यांनी इन्सुलिन मागितलं. "संध्याकाळचं आहे ना? संध्याकाळी मागा!" बायको पाय आपटत दुसरा केक पोचवायला बाहेर पडली. तेवढ्यात हॉस्पिटलातून फोन आला. कुणीतरी शिडीवरून पडलं होतं, ताबडतोब या!

आता फ्रिज कोण राखणार?

"बाबा, तुमच्या नजरेतून कधी कुणी सुटलंय का?"

"जा तुम्ही निर्धास्त!" म्हणत सासरे स्टुलावर बसले. मांजराला दुधाची राखण म्हणतात ती हीच. पण एक्सरेच्या डोक्यात तेव्हा देवयानीशिवाय कुणी नव्हतं.

तो परतला तेव्हा सासरे तस्सेच ताठ बसलेले. "माशीसुद्धा आत गेली नाही!"

संध्याकाळी बायकोनं फ्रिज उघडला. तीन मजली केक दोन मजली झाला होता!

"दिवसभर फ्रिजपाशी कोण बसलं होतं?"

"मी नाही खाल्ला! बाबांना विचार!"

"बाबांनी वर्षभर साखर चाखली नाही! लाज नाही वाटत त्यांच्यावर ढकलायला?"

"जाऊ दे पोरी," सासरे उदार होऊन म्हणाले, "मोह कुणाला सुटलाय?"

एक्सरे गरजला, बरसला, देवयानीची शपथ घेतली. काही उपयोग झाला नाही. बायकोनं पुन्हा ओव्हन पेटवला आणि नवऱ्याशी बोलणं बंद केलं. तणतणतच त्यानं कॉम्प्युटरला अंधार वजा करायला सांगितला. अंधाराचे फोटो उघडून कोण बघत बसतं? फोटो तयार झाला, त्यात मधोमध काहीतरी गडद, भारदस्त दिसलं. खूश होऊन त्यानं तो धाडून दिला.

आणि पहिला नंबर आला!

प्रदर्शनात फोटो दाराएवढा करून लावला होता. समोर ही गर्दी! मंडळाचे अध्यक्ष काठीनं दाखवत होते, "या काळ्या धुळीच्या पट्ट्या बघा! इतकं आजवर कुणाला साधलं नव्हतं! हे दोन गोल काय असावेत?"

एक्सरेनं पुढे होऊन नीट पाहिलं. ते दोन गोल म्हणजे चष्मा होता. वर टक्कल होतं. खाली जबडा होता, आणि त्या जबड्याचा एक्सरे गेल्याच वर्षी त्यानं स्वतः काढला होता. एक गाल टम्म फुगलेला!

"जावईबापू," शेजारून सासरे पुटपुटले, "केक घेताना कॅमेऱ्याचं झाकण हातात आलं हो. मी लगेच लावलं. म्हणजे... खाऊन झाल्यावर."

म्हणजे फ्रिजच्या दिव्यात टिपलेला तो चेहरा अंधाराबरोबर वजा होऊन दीर्घिकेवर काळा उमटला होता! तोंड उघडलं तर केकचा आळ जाणार, पण नंबरही जाणार आणि बाल्कनीही. गप्प बसलं तर जन्मभर केकचोर! सासऱ्यांनी डोळ्यांनीच हात जोडले. एक्सरेनं छाती फुगवली.

"काळे तेजोमेघ आहेत ते!" तो खणखणीत आवाजात म्हणाला. टाळ्या पडल्या!

टाळ्या थांबल्यावर मागून बायको पुढे आली. तिनं फोटो खालून वर आणि वरून खाली बघितला.

"अहो, हा तेजोमेघ गालात काय धरून बसलाय?"

"निसर्ग आहे! निसर्गात काहीही असू शकतं!" पडला तरी नाक वर!

"माझ्या केकचा वरचा मजलासुद्धा?"

सासऱ्यांना एकदम खोकला आला. उभा जन्म विनातिकीट लोकांना पकडण्यात गेला आणि स्वतः सापडले ते थेट देवयानीत!

"आळ घेतला, चुकलं माझं," बायको नवऱ्याला म्हणाली. "आणि नंबर आला तो आला. शब्द म्हणजे शब्द. मोठा फ्रिज बाल्कनीत नको."

"बघ! म्हणालो नव्हतो मी?"

"तो बाबांच्या खोलीत लावते. आणि बाबा फ्रिजशेजारी झोपलेले मला चालायचे नाहीत. त्यांची खाट बाल्कनीत!"

एक्सरेनं अजून हार मानलेली नाही. तो फोटो दिवाणखान्यात टांगलाय आणि येणाऱ्याजाणाऱ्याला तो छातीठोकपणे तेजोमेघच दाखवतो. आकाश निरभ्र असलं की कॅमेरा घेऊन ताठ मानेनं बाल्कनीकडेही निघतो. दार जरा किलकिलं केलं की खाटेवरच्या पांघरुणातून एक हात बाहेर येतो.

"तिकीट?"