नानांची पंगत

माझ्या ढेप-पेंडीच्या दुकानात गिऱ्हाईक भाव विचारतं, नाना चव घेतात. पोत्यात हात घालायचा, शेंगदाण्याच्या ढेपेचा तुकडा मोडायचा, डोळे मिटून चावायचा. मग निकाल: "खवट नही." याहून मोठी स्तुती त्यांच्या तोंडून आम्ही पहूरवाल्यांनी ऐकलेली नाही. अक्का, म्हणजे त्यांची बायको, होती तेव्हा तिच्या वरणालाही हेच प्रमाणपत्र मिळायचं. तेवढ्यावर ती दिवसभर खूश असायची.

नाना मूळचे धुळ्याकडचे, बोली अजून तिकडचीच. ढेप लागते ती शेततळ्यातल्या माशांसाठी. सोयाबीन भाजून भरडायचं, ढेप भिजवायची, कोंडा घालून गोळे मळायचे. कटला वर खातो, रोहू मध्ये, मृगळ तळाशी. कोणी उपाशी राहायला नको, म्हणून भोकं पाडलेली पोती वेगवेगळ्या खोलीवर सोडायची. व्याह्यांची तरी एवढी बडदास्त ठेवली होती का, असं मी एकदा विचारलं. व्याही किलोवर विकता येत नाहीत, म्हणाले.

एकदा तयार खाद्याचा विक्रेता दुकानात आला. नानांनी सवयीने दाणा तोंडात टाकला आणि थुंकला. यात आहे काय? मासळीची भुकटी, तो अभिमानाने म्हणाला.

"भावकीले खावानं काम मानुसनं शे," नाना म्हणाले. "मासास्ले कसाले शिकाडस?"

विक्रेत्याने पिशवी उचलली.

अक्का गेल्यापासून नाना दुपारी तळ्यावरच जेवायचे. आधी गोळे सोडायचे, मासे हलायला लागले की मग आपली भाकरी उघडायची. राखणीला बसतात, असं मी समजत होते.

गेल्या आठवड्यात व्यापाऱ्याने जाळं ओढलं. मासे चांगले भरले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी नाना दुकानात हजर. तळं रिकामं, नवी बोटुकली, बोटाएवढी पिल्लं, पावसाळ्यात येणार, मग आता ढेप कशाला? तरी एकेक पोतं चाखत बसले. जेवलात का, म्हटलं. भाकरीचं फडकं मांडीवर, गाठ तशीच.

दीपनगरला मुलाकडे जाऊन या, असं सुचवलं. तो ड्यूटीवर, सून नोकरीवर, दुपारी तिथंही तेच, असं काहीतरी पुटपुटले. मग गाठ चाचपत म्हणाले,

"एकला बसनू ते घास उतरत नही, ताई."

मला हळवं बोलणं जमत नाही, आणि दुपारी दुकानात कामं असतात. शटर अर्धं ओढलं, डबा काढला, दोन पोत्यांच्या मध्ये वर्तमानपत्र अंथरलं. बसा म्हटलं, पण खोट काढायची नाही.

नाना बसले. माझ्या डब्यातली वांग्याची भाजी दोन बोटांनी उचलली, डोळे मिटले आणि बराच वेळ चावत राहिले.

"खवट नही," म्हणाले, आणि भाकरीची गाठ सोडली.