खडूची कॅरव्हॅन

माझा स्वभाव तसा निरुपद्रवी आहे. नगरपालिकेच्या बांधकाम विभागात मी लोकांच्या घरांचे नकाशे तपासतो, आणि गेल्या एकवीस वर्षांत तपासलेलं एकही घर मी प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. गरजच काय? कागदावर बसलं की जमिनीवर बसतं, असा माझा अनुभव आहे. (अनुभवही कागदावरचाच.) त्यामुळे एका सोमवारी माझ्या टेबलावर कोणीतरी विसरून गेलेलं रंगीत पत्रक मी उचललं आणि नुसतं चाळायचं ठरवलं, तेव्हा पुढे काय वाढून ठेवलंय याची मला सुतराम कल्पना नव्हती.

पत्रक भाड्यानं मिळणाऱ्या कॅरव्हॅनचं होतं. कॅरव्हॅन म्हणजे चाकांवरचं घर. मी पान उलटलं आणि आ वासला. एकोणीस फूट लांब, सात फूट रुंद, आणि त्यात काय नाही? दिवसा जेवायचं टेबल. तेच झोपायच्या वेळी खाली दाबलं की पलंग. पलंगाखाली कपाट. बेसिनवर फळी टाकली की ओटा. न्हाणीघर इतकं बेतशीर, की दात घासता घासता आंघोळ उरकावी. मी भिंग घेऊन नकाशा पाहिला. एक इंच म्हणून वाया गेलेला नव्हता! ज्या माणसानं हे आखलं तो समोर आला असता तर मी सरळ त्याचे पाय धरले असते. आमच्या घरात टेबलाचा पलंग होत नाही. (ऑफिसात होतो, रोज दोन ते अडीच. पण ते जाऊ द्या.)

खरं कारण मात्र निराळं होतं, ते सांगून टाकतो. आमची थोरली येत्या अठरा तारखेला होस्टेलवर राहायला जाणार होती. चार वर्षं. आणि प्रवेश नक्की झाल्यापासून ती जणू आत्ताच गेली होती. खोलीचं दार बंद. जेवायला बाहेर येई, 'हं' म्हणे, आणि परत आत. मी मनाशी हिशेब मांडला. एकोणीस बाय सातमध्ये चौघांना सात दिवस ठेवलं, तर कोण कुठे जाऊन दार लावून बसणार? पोरगी जाण्याआधी मला सात दिवस हवे होते, बस्स.

संध्याकाळी मी पत्रक घरच्या टेबलावर पसरलं. (हे टेबल टेबलच राहतं.) आठ वर्षांचा धाकटा ते बघून खुर्चीवर उभा राहिला. "बाबा, यात संडास पण पळतो?"

"सगळं घर पळतं," मी अभिमानानं म्हणालो, जणू मीच बनवलंय.

थोरलीनं एक नजर टाकली. "मी नाही येणार. खोक्यात राहायला मी काय बूट आहे?" आणि दार लागलं.

माझी बायको हॉस्पिटलात सिस्टर आहे. अठ्ठावीस खाटांचा वॉर्ड सांभाळते, त्यामुळे घरातले आम्ही तिघं म्हणजे तिला फावल्या वेळचे पेशंट. तिनं चष्मा लावून पत्रक नीट वाचलं आणि निकाल दिला. "थोरली आली तर सगळे जाऊ. ती नाही, तर कोणीच नाही. तिला मागे ठेवून मला फिरायचं नाही. आणि अहो, तुम्ही नुसत्या कागदावर जाऊ नका. चार माणसं यात मावतात का, ते आधी बघा."

"मावतात! मी मोजलंय."

"तुम्ही कपाटही मोजलं होतंत."

(ते कपाट आमच्या झोपण्याच्या खोलीत बरोबर मावलं होतं. दार उघडायचं असेल तर पलंग बाहेर काढावा लागतो, एवढंच.)

झालं! मी इरेला पेटलो. रविवारी सकाळी उठून मी पुढच्या खोलीतलं सामान हलवलं, गुडघ्यांवर बसलो आणि खडूनं जमिनीवर आख्खी कॅरव्हॅन काढली. जशीच्या तशी, खऱ्या मापाची. भिंती, खिडक्या, बेसिन, बाक, न्हाणीघर. दाराच्या जागी पाव वर्तुळ, आमच्या खात्यात काढतात तसं. एकवीस वर्षांत पहिल्यांदाच माझा नकाशा कागदाबाहेर पडला होता आणि मला अगदी भरून आलं.

एकच अडचण झाली. आमची खोली चौदा फूट लांब. त्यामुळे कॅरव्हॅनचा पुढचा भाग घराच्या मुख्य दारातून बाहेर गेला आणि ड्रायव्हरची सीट जिन्यासमोर आली. मी तिथे एक खुर्ची ठेवून दिली.

मग मी नियम जाहीर केले. आजचा दिवस सगळ्यांनी रेषांच्या आत राहायचं. जायचं-यायचं ते दारातूनच. भिंतीतून कोणी जायचं नाही.

"आणि खरी शू लागली तर?" धाकटा.

"गाडी थांबवून उतरायचं."

बायकोची त्या दिवशी सुट्टी होती. मला वाटलं, ती खडूवरून सरळ केरसुणी फिरवील. पण ती थर्मास, पाव आणि उकडलेली अंडी घेऊन आली, पाव वर्तुळापाशी थांबली आणि म्हणाली, "अहो, दार उघडा की. दोन्ही हात भरलेत माझे." मी दार उघडलं. हवेतलं. ती आत आली आणि मी तिच्याकडे बघतच राहिलो.

थोरली मात्र अकरा वाजेपर्यंत तीनदा बाहेर आली आणि तिन्ही वेळा न्हाणीघराच्या भिंतीतून आरपार स्वयंपाकघरात गेली. "धडाम!" धाकटा प्रत्येक वेळी ओरडला. "बाबा, ताईनं गाडी फोडली!" ती 'हं'सुद्धा म्हणाली नाही. माझं अर्धं अवसान तिथंच गळालं. तिच्या दाराला लागून भिंतीकडेनं हातभर वाट मी मुद्दाम मोकळी सोडली होती, तिच्याकडे तिनं बघितलंही नाही.

एवढ्यात बाहेरून आवाज आला. "जिन्यात गाडी कोणी लावली?"

वरच्या मजल्यावरचे ड्रायव्हरकाका होते. चौतीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेले. बाजाराची पिशवी हातात घेऊन ते शेवटच्या पायरीवर थबकले होते, खडूच्या समोरच्या काचेला न शिवता. मी घाईघाईनं सगळा प्रकार समजावला. मला वाटलं, हसतील. त्यांनी पिशवी कठड्याला अडकवली, गाडीला एक पूर्ण फेरी मारली (म्हणजे अर्धी, बाकीची भिंतीमुळे मारता आली नाही), वाकून चार ठिकाणी जमिनीला हात लावला आणि म्हणाले, "मागच्या उजव्या टायरात हवा कमी आहे."

"भरू या," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

"आरसा कुठाय?"

धाकट्यानं धावत जाऊन माझा दाढीचा आरसा आणला. काकांनी तो बाहेरच्या दाराच्या कडीत खोचला, खुर्ची बोटभर पुढे सरकवली, हातात पातेल्याचं झाकण घेतलं. "सिस्टरबाई, सामान नीट लावून ठेवा. पुढे घाट आहे."

आणि त्यांनी गाडी सोडली.

पुढचं खरं सांगतो, मला अजून उलगडलेलं नाही. माणूस खुर्चीवर बसला होता, समोर जिन्याचा कठडा होता. पण पहिल्या मिनिटात मी बाकाची कड घट्ट धरली. (बाक म्हणजे जमिनीवरची रेघ. मी ती धरली.) काका फारसं बोलत नव्हते. मधेच "बैलगाडी", मधेच "पूल अरुंद आहे", एवढंच. गिअर टाकताना त्यांचा डावा खांदा किंचित खाली जायचा, आणि आमचे चारी... म्हणजे तिघांचे खांदे आपोआप खाली. "उजवं वळण, मोठं आहे," ते म्हणाले आणि झाकण सावकाश फिरवलं. आम्ही तिघं डावीकडे कललो. कोणी सांगितलं नव्हतं! बायकोनं झटकन हात पुढे करून थर्मास धरला. थर्मास जमिनीवर होता, तो पडणार कुठे? पण तिनं धरला, आणि तो पडला नाही म्हणून मलाही हायसं वाटलं. अठ्ठावीस खाटा सांभाळणारी बाई, जिला मी अठरा वर्षांत कशावर विश्वास ठेवायला लावू शकलो नव्हतो, ती खडूच्या घाटात पदर सावरून बसली होती आणि तिचे डोळे लुकलुकत होते.

"बाबा, दरी!" धाकटा कुजबुजला. मी खिडकीतून खाली पाहिलं. फरशी होती. तरी मी पाय आत ओढून घेतले.

आणि मग काकांनी एकदम ब्रेक दाबला. आम्ही तिघं पुढे आदळलो.

"काय झालं?"

"पॅसेंजर आहे," काका आरशात बघत म्हणाले.

मी वळून पाहिलं. थोरली. कधीपासून आपल्या खोलीच्या दारात उभी होती कोण जाणे. आता ही भिंतीतून येणार, धाकटा 'धडाम' म्हणणार आणि सगळं संपणार. पण ती भिंतीला पाठ लावून त्या हातभर वाटेनं, एकेक पाऊल सरकत, रेघेला न शिवता पाव वर्तुळापर्यंत आली. तिनं हात वर केला आणि जिभेनं आवाज काढला. टक् टक्.

"जागा आहे का?"

मी घाईनं सरकून जागा केली. उत्तर काकांनी दिलं. "लवकर चढा ताई. घाटात गाडी उभी करता येत नाही."

तिनं दार उघडलं, आणि आत येताना पाय चांगला फूटभर उचलून टाकला. पायरी चढल्यासारखा. पायरी मी काढलीच नव्हती! नकाशात ती दाखवायची राहून गेली होती, आणि ती माझ्या मुलीला दिसली. असला नकाशा मी आयुष्यात पाहिलेला नाही. ती खिडकीशी बसली, आईच्या हातातला पाव अर्धा तोडून घेतला आणि खिडकीबाहेर, कडेला सरकवलेल्या खऱ्या कपाटाकडे बघत राहिली.

"काय दिसतंय?" मी जपून विचारलं.

"तळं," ती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "सातच दिवस ना? येते मी."

मी तोंड फिरवून टायर बघायचं निमित्त केलं. (डोळ्यांत खडू गेला होता.)

दुसऱ्याच दिवशी कॅरव्हॅन ठरवली. आठवडाभर घरात नुसती लगीनघाई. थोरलीनं कोणत्या बाकाखाली काय जाईल याची यादी केली, धाकट्यानं आपल्या खिडकीला नाव दिलं, बायकोनं औषधांचा डबा भरला. गाडी चालवणार अर्थात तीच. (माझ्याकडे लायसन्स आहे. त्यातला माझा फोटो चांगला आला आहे.) काकांनी तिला घाटाची उतरण दोन तास पातेल्याच्या झाकणावर शिकवली.

आणि नऊ तारखेला सकाळी ती आली. पांढरीशुभ्र, काचांवर ऊन, चालीत एखाद्या घरंदाज बाईचा आब. आख्खी गल्ली बाहेर येऊन उभी राहिली. गाडीवाल्यानं दार उघडलं, आणि बायको आत गेली. "अगं बाई!" थोरली गेली. "आई, अगदी तस्संच आहे!" धाकटा डोळे मिटून शिरला आणि न अडखळता न्हाणीघराच्या दारापर्यंत जाऊन पोचला. एक इंच इकडे नाही, एक इंच तिकडे नाही. माझी छाती फुगली. मी गल्लीकडे वळून एकदा पाहिलं, पायरी चढलो, आणि ऐटीत ताठ उभा राहिलो.

खाड्!

डोळ्यांपुढे काजवे चमकले. बायकोनं मला बाकावर दाबून बसवलं आणि डोळ्यांत टॉर्च मारून पाहिला. "बोटं किती?"

"दोन. काय लागलं?"

"छप्पर," गाडीवाला म्हणाला. "आतली उंची पाच फूट आठ इंच. तुमची?"

माझी सहा फूट एक. (हे मी तुम्हालाही सांगायला विसरलो, त्यावरूनच काय ते ओळखा.) नकाशात लांबी असते, रुंदी असते. उंची दुसऱ्या कागदावर असते आणि तो कागद शेजारच्या टेबलावर दुसरा कारकून तपासतो. एकवीस वर्षं तोच तपासत आलाय.

"उंच छपराची दुसरी गाडी आहे," गाडीवाला म्हणाला, "पण ती वीस तारखेनंतर मोकळी होईल."

अठराला थोरली जाणार. धाकट्यानं खिडकीला हात लावून ठेवला होता, कोणी काढून नेईल तसा. मी पुन्हा उठून पाहिलं. मान खांद्यात घातली तर तीन इंच कमी होत होते. उरलेल्या दोन इंचांचं काय करावं ते कळेना. "सवय होईल," मी छातीवर हनुवटी टेकवून म्हणालो.

"सात दिवस असे राहिलात तर तुमची मान कायमची तशीच राहील," बायको म्हणाली. "नको ते. राहू दे जाणं."

"काय राहू दे?" थोरली एकदम उसळली. किती दिवसांनी तिचा तो आवाज ऐकला मी! "अजिबात नाही. आपण जातोय. आजच. बाबांनी उभं राहू नये, एवढंच ना? मग राहू नये! गाडी आई चालवणार. स्वयंपाक आम्ही दोघी करणार. पाणी भरायचं काम याचं. बाबांचं असं कुठलं काम आहे, की ज्याला उभं राहावं लागतं?"

बायको विचारात पडली. धाकटा बोटांवर काहीतरी मोजायला लागला आणि एकही बोट न दुमडता थांबला. गाडीवाल्याला आमच्या घरची काहीच माहिती नव्हती, तरी तोही डोकं खाजवू लागला.

मीही प्रामाणिकपणे, अगदी मनापासून विचार केला.

आणि मुकाट्यानं खाली बसलो.