आत्याचा लेप

लेक कामाला होती त्या दुकानाच्या मालकाने तिला सौंदर्यप्रसाधनांच्या काउंटरवरून उचलून मागे गोदामात बसवलं, तेव्हा घरच्यांनी तिचा चेहरा आपल्या ताब्यात घेतला. हनुवटीवर आणि गालांवर खोल, ठणकणाऱ्या गाठी होत्या. रात्री कुशीवर वळलं तरी कळ यायची.

"पोटात उष्णता आहे," आई म्हणाली आणि तळण बंद केलं.

"चेहरा नीट धूत नाहीस," बाबा म्हणाले. मग ती दिवसातून सहादा साबणाने धुऊ लागली. कातडी कोरडी पडून तडकली, गाठी मात्र जागच्या हलल्या नाहीत.

शेवटी आत्या लिंबू, सोडा आणि टूथपेस्टचा लेप घेऊन आली. "जरा झोंबेल. झोंबलं म्हणजे लागू पडतंय."

सकाळी लेकीचा एक डोळा उघडेना. रिक्षात बसवून सगळे तिला त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले.

डॉक्टरीणबाईंनी दिव्याखाली गाल पाहिला. "हे काय लावलंय?"

आई आणि बाबा आत्याकडे बघू लागले. आत्या भिंतीकडे.

"हा मळ नाही, घासून निघायला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हार्मोनमुळे तेलाच्या ग्रंथी जास्त काम करतात, छिद्रं तुंबतात आणि आत खोलवर सूज येते. गाठी दाबल्या, घासल्या की व्रण राहतात. गोळ्या देते, पण गुण यायला काही महिने लागतील. तोवर घरच्यांनी हिच्या तोंडाला हात लावायचा नाही. बरं, हे आनुवंशिकही असतं. घरात कुणाला होतं?"

"मला नव्हतं," आई लगेच म्हणाली. बाबांनीही मान हलवली.

"मला होतं," आत्या म्हणाली. पदराच्या टोकाने तिने गालावरची पावडर पुसली. खाली बारीक खड्डे होते.

लेक उघड्या डोळ्याने बघत राहिली. "आणि तेव्हा तू हाच लेप लावायचीस?"

"वर्षानुवर्षं."

"गुण आला?"

"नाही."

"मग मला का लावलास?"

"मला दुसरं काही माहीतच नव्हतं गं. मला कुणी डॉक्टरकडे आणलं नाही."

मग आत्याने हळूच विचारलं, "या खड्ड्यांचं आता काही होतं का हो? की माझं वय गेलं?"

"होतं की. बसा, बघू."

लेक दिव्याखालच्या स्टुलावरून उठली आणि तिने आत्याला दंडाला धरून तिथे बसवलं. आत्याचा हात सवयीने गालाकडे गेला. लेकीने तो धरून खाली ठेवला.

"हात लावायचा नाही," ती म्हणाली.